नको झालेल्या बंदरातली शिडं

टोरंटोत लेस्ली स्ट्रीट दक्षिणेला सरोवरापाशी संपतो. तिथून पुढे जमिनीची एक वाकडीतिकडी पट्टी ऑन्टॅरिओ सरोवरात पाच किलोमीटर आत गेलेली आहे. ही पट्टी माणसांनी भराव घालून केली. १९५९ साली काम सुरू झालं आणि पुढे कित्येक दशकं शहराने जे जे पाडलं, खणलं, उपसलं ते ट्रकांत भरून इथे आणून ओतलं. भुयारी रेल्वेची माती, टोलेजंग इमारतींच्या पायातला चिखल, पाडलेल्या घरांच्या भिंती. आजही पाण्याच्या कडेने चालावं तर लाटांनी घासून गोटीसारख्या गुळगुळीत केलेल्या विटा पायाखाली येतात. मध्येच स्नानगृहातल्या पांढऱ्या फरशीचा तुकडा, काँक्रीटमधून बाहेर डोकावणाऱ्या गंजक्या सळया. एखादी वीट अजून शाबूत असते, आणि उलटून पाहिली तर तिच्यावर भट्टीचं नाव वाचता येतं. डॉन नदीच्या खोऱ्यातली वीटभट्टी १८८९ पासून जवळजवळ शंभर वर्षं या शहराला विटा पुरवत होती. त्या विटांची घरं झाली, घरं पडली आणि आता त्यांचा किनारा झाला आहे.

या पट्टीला आम्ही सगळे नुसतं 'स्पिट' म्हणतो. स्पिट आणि जुना किनारा यांच्यामध्ये जे पाणी अडलं गेलं त्याचं नाव आऊटर हार्बर. माझा सेलिंग क्लब या पाण्यावर आहे. क्लबात पगारी माणूस एकही नाही. गेली काही वर्षं क्लबाची जुनी दप्तरं लावून ठेवण्याचं काम माझ्याकडे आहे. ते करताना लक्षात आलं की आमच्यासारख्या क्लबांचा इतिहास शिडांपासून सुरू होतच नाही. तो सुरू होतो मालवाहू जहाजांपासून.

२६ जून १९५९ रोजी राणी एलिझाबेथ आणि अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सेंट लॉरेन्स सीवेचं उद्घाटन केलं. अटलांटिकमधून निघालेलं जहाज आता जलपाशांच्या पायऱ्या चढत थेट अमेरिका-कॅनडाच्या मोठ्या सरोवरांत येऊ शकणार होतं. सरोवराकाठच्या प्रत्येक शहराला वाटू लागलं की आता आपलं बंदर होणार. टोरंटोचा किनारा १९११ पासून हार्बर कमिशनर्स नावाच्या मंडळाच्या ताब्यात होता. या मंडळाने त्याआधीच ॲशब्रिजेस बे नावाची मोठी पाणथळ बुजवून तिथे कारखान्यांसाठी जमीन केली होती. आता त्यांनी ठरवलं, जुनं बंदर अपुरं पडेल, बाहेर दुसरं बांधू. स्पिट हा त्या दुसऱ्या बंदराचा लाटा अडवणारा बांध.

बांध वाढत गेला, पण जहाजं काही आली नाहीत. सीवेच्या जलपाशांतून साधारण सव्वादोनशे मीटर लांब आणि जेमतेम २४ मीटर रुंद जहाजच जाऊ शकतं, आणि जगातली जहाजं त्याच सुमाराला त्याहून मोठी होऊ लागली होती. त्यात कंटेनर आला. १९५६ साली अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर माल्कम मॅक्लीनने एका जुन्या टँकरच्या डेकवर लोखंडी पेट्या चढवून त्या टेक्सासला पाठवल्या. त्यानंतर वीस वर्षांत बंदराचा धंदाच पालटला. पेटी हॅलिफॅक्सला किंवा माँट्रियलला उतरवून रेल्वेवर टाकली की ती टोरंटोला पोचते. तिच्यासाठी जहाज आतपर्यंत आणण्याची गरज उरली नाही.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी घरात ऐकलं होतं. माझे वडील मुंबईच्या इंदिरा गोदीत क्रेनवर फिटर होते. १९८९ साली पलीकडे न्हावा शेवा सुरू झालं आणि मुंबईच्या गोद्यांतलं काम तिकडे सरकत गेलं, तेव्हा मी टोरंटोत होते आणि ते पत्रांतून लिहायचे की अमुक शेड बंद, तमुक क्रेन उभीच. त्यामुळे आऊटर हार्बरच्या रिकाम्या पाण्याकडे पाहताना मला कधीच नुसता देखावा दिसला नाही. गोदी रिकामी होते तेव्हा तिच्यावर जगणारी माणसं कुठे जातात, हा विचार आधी येतो. टोरंटोत मात्र एक वेगळी गोष्ट घडली. इथलं हे बंदर बंदर म्हणून कधी चाललंच नाही, आणि त्या न चाललेल्या बंदरात पाण्याची आवड असलेली, पण पैसा बेताचा असलेली माणसं शिरली.

ती तिथे का शिरली हे समजायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

टोरंटोसमोरची बेटं आधी बेटं नव्हतीच. ती वाळूची एक लांब दांडी होती, पूर्वेकडे जमिनीला जोडलेली. इथले मूळनिवासी मिसिसागा लोक औषधपाण्यासाठी, विश्रांतीसाठी तिथे येत. त्यांच्याकडून टोरंटोची जमीन इंग्रजांनी १७८७ आणि १८०५ च्या करारांत जी घेतली, त्या व्यवहाराचा निवाडा २०१० साली १४ कोटी ५० लाख डॉलर भरपाईवर झाला. इथल्या कुठल्याही क्लबाचा इतिहास लिहिताना ही नोंद आधी करायला हवी असं मला वाटतं, कारण 'आमचा किनारा' म्हणणारे आम्ही सगळेच नंतर आलेले. १८५८ च्या एप्रिलमधल्या वादळाने ती दांडी फोडली, पूर्वेकडून पाण्याला वाट झाली आणि दांडीची बेटं झाली.

त्याआधी सहा वर्षं, १८५२ मध्ये, शहरातल्या प्रतिष्ठितांनी टोरंटो बोट क्लब काढला होता. १८५४ मध्ये त्याला 'रॉयल' उपाधी मिळाली आणि तो रॉयल कॅनेडियन यॉट क्लब झाला. १८८१ मध्ये त्याने बेटावर आपली वास्तू उभारली. या क्लबाच्या शर्यती, त्याच्या नौका, १८९६ साली शिकागोच्या 'व्हेन्सेडॉर'ला हरवून जिंकलेला कॅनडाज कप हे सगळं दिमाखाचं होतं. पण पगारी नावाडी ठेवू शकणाऱ्यांचं ते जग. ज्याची स्वतःची यॉट आहे आणि ती सांभाळायला माणसं आहेत, त्याचा तो खेळ.

दुसरी परंपरा सुरू झाली ती १८८९ मध्ये क्वीन सिटी यॉट क्लबपासून. १९२० च्या सुमाराला तो बेटावर गेला आणि आजही अल्गोंक्विन बेटावर आहे. सभासदांनीच धक्के दुरुस्त करायचे, सभासदांनीच रंग द्यायचा, सभासदांनीच होड्या उचलायच्या. इंग्रजीत अशा क्लबांना सेल्फ-हेल्प क्लब म्हणतात, मी माझ्या डायरीत 'श्रमदान' लिहिते. टोरंटोच्या किनाऱ्यावर हाच धागा पुढे अनेकांनी उचलला.

तिसऱ्या एका क्लबाची हकिकत मला विशेष वाटते. १९५१ साली आयलंड यॉट क्लब निघाला, कारण शहरातल्या जुन्या क्लबांत ज्यूंना प्रवेश नव्हता. दारं बंद असलेल्यांनी आपलंच दार बांधलं. हे वाचलं की मला अपोलो बंदरावरचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब आठवतो. १८४६ चा तो क्लब. इंग्रजांच्या काळात भारतीयाला तिथे सभासद म्हणून पाऊल टाकता येत नसे, मग तो संस्थानिक का असेना. अशाच अपमानातून विलिंग्डन क्लब निघाला असं मुंबईत सांगतात. वडील सांगायचे, गोदीतल्या माणसाने त्या इमारतीकडे पाहायचं ते रस्त्यावरून. पाण्यावर कोणी जायचं हे जगात बहुतेक ठिकाणी पाण्याने ठरवलेलं नाही.

मग साध्या माणसाच्या हातात होडी आली कशी? याचं श्रेय मी क्लबांच्या आधी फायबरग्लासला देते. लाकडी यॉट म्हणजे दर वर्षी फळ्यांच्या सांधी भरा, वॉर्निश करा, कुजकी बरगडी बदला. ते काम ज्याला स्वतःला येत नाही त्याला कारागीर ठेवावा लागे. फायबरग्लासची होडी साच्यातून निघते, स्वस्त पडते आणि एखाद्या हिवाळ्यात दुर्लक्ष झालं तरी टिकते. टोरंटोसमोर, सरोवराच्या दक्षिण काठी नायगरा-ऑन-द-लेक गावात जॉर्ज हिंटरहोलर नावाचा ऑस्ट्रियातून आलेला होडी बांधणारा राहत होता. ऑन्टॅरिओ सरोवरातल्या जोरदार वाऱ्यात वेगाने जाईल अशी लहान होडी त्याला हवी होती. १९५९ मध्ये, म्हणजे सीवे सुरू झाला त्याच वर्षी, त्याने २४ फुटांची 'शार्क' बांधली. पहिली प्लायवूडची, पुढच्या फायबरग्लासच्या. अशा दोन हजारांहून जास्त झाल्या. हाच हिंटरहोलर १९६९ साली स्थापन झालेल्या सी अँड सी यॉट्सच्या भागीदारांपैकी एक. या कंपनीने ऑन्टॅरिओत बांधलेल्या होड्या साऱ्या जगात गेल्या. १९९४ मध्ये तिचा नायगराचा कारखाना जळाला. पण त्या होड्या अजून पाण्यात आहेत, आणि चाळीस-पन्नास वर्षं वयाची सी अँड सी आज जुन्या मोटारगाडीच्या किमतीत मिळते. लहान होड्यांत अल्बाकोर. इंग्रज रचनाकार उफा फॉक्सची १९५४ ची, पंधरा फुटांची, दोघांची होडी. टोरंटोच्या लोकक्लबांत हजारो माणसं या होडीवर शीड धरायला शिकली, मीही तीवरच.

साठ आणि सत्तरच्या दशकांत होड्या वाढल्या. धक्के कमी पडले. जुन्या क्लबांत प्रतीक्षायादी आणि प्रवेशफी. आणि इकडे आऊटर हार्बरमध्ये अडवलेलं, शांत, मैलभर पाणी मोकळं पडलेलं. ज्या मंडळाने बंदर बांधायला घेतलं होतं त्याच्याकडे त्या पाण्याला गिऱ्हाईक नव्हतं. सत्तरच्या दशकात तिथल्या उत्तर काठावर एकेक क्लब आला. वॉटर रॅट, वेस्टवूड, मूरडेल, हॅन्लन, सेंट जेम्स टाउन, आऊटर हार्बर सेंटरबोर्ड. त्यांनी मिळून आऊटर हार्बर सेलिंग फेडरेशन केलं, म्हणजे जमिनीच्या भाड्यासाठी एकत्र बोलता येईल. त्या काठावरच्या रस्त्याला आता रेगाटा रोड म्हणतात. मागे हर्न वीजकेंद्राची २१५ मीटर उंच चिमणी, १९८३ पासून थंड. रस्त्याला फूटपाथ नव्हता, दिवे नव्हते, बस नव्हती. नळाचं पाणी नव्हतं तिथे ड्रम भरून आणायचे. आजूबाजूला मिठाचे ढीग आणि तेलाच्या टाक्या. इतर कोणाला नको असलेली जागा होती म्हणूनच ती आम्हाला परवडली, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवते.

सेंट जेम्स टाउन हे क्लबाचं नाव वाचून अनेकांना आश्चर्य वाटतं. शहराच्या मध्यभागी साठच्या दशकात उभ्या राहिलेल्या एकोणीस टॉवरांची ती वसाहत. दाटीवाटीची, बहुतेक भाडेकरूंची, नव्याने देशात आलेल्यांची. माझं पहिलं बिऱ्हाड तिथेच होतं, बाराव्या मजल्यावर. त्या वसाहतीतल्या रहिवाशांनी सेलिंग क्लब काढावा यात मला टोरंटोच्या किनाऱ्याचा सगळा इतिहास दिसतो. लिफ्टसाठी रांग लावणारी माणसं आठवड्यातून एका संध्याकाळी सरोवरात शीड उभारत होती, तीही मालकांसारखी.

आमच्या क्लबाची जुनी दप्तरं एका पत्र्याच्या कपाटात होती. सर्वांत वाचनीय निघाली ती कामाच्या तासांची वही. रकाने तीन: नाव, काम, तास. प्रत्येक सभासदाने वर्षाला ठरलेले तास क्लबासाठी काम करायचं. तास भरले नाहीत तर तितके पैसे भरायचे. नोंदी अशा: धक्क्याला टायर बांधले. गवत कापलं. मुरिंगच्या, म्हणजे होड्या पाण्यात बांधून ठेवण्याच्या, साखळ्या पाण्यातून वर काढून कड्या तपासल्या, तीन बदलल्या. रात्री दोन ते पहाटे सहा पहारा. संडासाची टाकी. कुंपणाला पडलेलं भोक. एक पान मात्र मी पुन्हा पुन्हा उघडते. शनिवारच्या कामाला आलेल्या साठेक माणसांसाठी दोन बायकांनी सकाळी सातपासून स्वयंपाक केला, आणि त्यांच्या नावापुढे तासांचा रकाना कोरा. नवरे धक्क्यावर खिळे ठोकत होते, त्यांचे तास लागले. काही वर्षांनी कोणीतरी सभेत हा मुद्दा काढला आणि नियम बदलला. इतिवृत्तात त्याला एकच ओळ आहे. माझ्या मते ती आमच्या क्लबाच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची ओळ आहे.

श्रमदान हा शब्द ऐकायला हलका वाटतो, म्हणून होड्या पाण्यात सोडण्याचा दिवस जरा तपशिलाने सांगते. टोरंटोत हिवाळ्यात होडी पाण्यात ठेवत नाहीत, बर्फाने तिची साल चेपते आणि मुरिंग तुटते. आमच्या कोकणात पावसाळ्याआधी होड्या वाळूवर ओढून झापांनी शाकारतात, तसंच हे, फक्त ऋतू वेगळा. ऑक्टोबरात काढायच्या, क्रेडल म्हणजे लोखंडी घोडीवर बसवायच्या, ताडपत्री घालायची, इंजिनात गोठू नये म्हणून गुलाबी द्रव भरायचा. एप्रिलच्या शेवटी परत पाण्यात. त्यासाठी मोठी क्रेन भाड्याने येते, चालकासकट, तासावर. तिचा प्रत्येक तास क्लबाच्या पैशातून जातो, म्हणून अंधार असतानाच सगळे हजर.

क्रेनचा आकडा खाली येतो. त्याला आडवी तुळई, तुळईला दोन रुंद पट्टे. हे पट्टे होडीच्या पोटाखालून नेमक्या जागी घ्यायचे, एक नाळेकडे, एक मागे. मागचा पट्टा पंख्याच्या दांड्यावर आला तर दांडा वाकेल, म्हणून होडीच्या बाजूवर छोटी खुणेची चिकटपट्टी लावलेली असते आणि पट्ट्यावर नेमलेला माणूस ती बोट लावून दाखवतो. दोन्ही टोकांना दोर बांधून दोघं ते धरतात. पाच टनांची होडी हवेत उचलल्यावर वाऱ्याने फिरू लागते, तिला आवरायचं ते या दोरांनी. या कामात ओरडायचं नाही. एकच जण हाताने खुणा करतो, क्रेनचालक फक्त त्याच्याकडे बघतो, आणि होडीखाली कोणी कधीही उभं राहायचं नाही. होडी पाण्याला टेकली की पट्टे सोडायचे नाहीत. आधी मालक आत उडी मारतो, तळाच्या फळ्या उचलतो, टॉर्च घेऊन पोटातला प्रत्येक झडप-नळ हाताने चाचपतो. बाहेर क्रेन थांबलेली, पट्टे ताणलेले, तीसेक माणसं गप्प. मग आतून हात वर येतो, 'कोरडी आहे'. तेव्हाच पट्टे सैल करतात. एखादी होडी गळत असेल तर तशीच परत वर उचलून जमिनीवर ठेवतात आणि पुढची घेतात.

मी बरीच वर्षं दोरावर होते, आता यादीवर असते. कोणती होडी कुठल्या क्रमाने उचलायची हे ठरवणं सोपं नाही, कारण ऑक्टोबरात जी सर्वांत आत ठेवली ती बाहेरच्या निघाल्याशिवाय हलत नाही. बँकेतला माणूस, रुग्णालयातली नर्स, सुतार, निवृत्त बसचालक, प्राध्यापक हे सगळे त्या दिवशी एकमेकांच्या होड्या सोडतात. कोणालाही स्वतःची होडी एकट्याने सोडता येत नाही, आणि क्लब टिकून आहे तो मुख्यतः यामुळे. जूनमध्ये सेलपास्ट असतो. कमोडोरची, म्हणजे क्लबाच्या प्रमुखाची, होडी नांगरून ठेवतात, बाकीच्या एकेक करून तिच्यासमोरून जातात आणि मानवंदना म्हणून पुढचं शीड क्षणभर मोकळं सोडतात. रॉयल क्लबांतून आलेली ही रीत. आमच्याकडे ज्याला मानवंदना मिळते त्या कमोडोरने मे महिन्यात गटार उपसलेलं असतं.

आता एका वादाबद्दल. स्पिट बंदरासाठी नको झाल्यावर १९७३ मध्ये ते काम संवर्धन प्राधिकरणाकडे गेलं आणि तिथे 'अ‍ॅक्वाटिक पार्क' करायचं ठरलं. सत्तरच्या दशकाच्या मध्यातल्या आराखड्यात मोठा मरीना होता, हॉटेल होतं, खुलं नाट्यगृह होतं, खाजगी यॉट क्लबांसाठी जागा होत्या. पण कागदावर आराखडा होईपर्यंत भरावावर आपोआप कॉटनवूडची झाडं उगवली होती, गल आणि टर्न पक्षी हजारोंनी घरटी करत होते. १९७७ मध्ये 'फ्रेंड्स ऑफ द स्पिट' ही नागरिकांची संघटना झाली. तिचं म्हणणं एकच: काही बांधू नका, जसं झालंय तसं राहू द्या. त्यांनी वर्षानुवर्षं सभा, निवेदनं, पत्रकं यांतून ते लावून धरलं. १९८५ मध्ये त्या जागेला टॉमी टॉम्पसन पार्क हे नाव मिळालं. मेट्रो टोरंटोचे हे पहिले उद्यान आयुक्त, ज्यांनी बागांत 'कृपया हिरवळीवरून चाला' अशा पाट्या लावल्या होत्या. आज तिथे तीनशेहून जास्त जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे.

स्पिटवर सत्तरच्या दशकापासून एकच क्लब आहे, अ‍ॅक्वाटिक पार्क सेलिंग क्लब. त्याच्या होड्या धक्क्याला नाहीत, खाडीत मुरिंगवर तरंगत असतात आणि सभासद वल्ही मारत आपल्या होडीपर्यंत जातात. पक्षीवाल्यांचा आणि शीडवाल्यांचा त्या काळात चांगलाच खटका उडाला. आमच्या दप्तरात त्या वेळची रागाने लिहिलेली पत्रं आहेत, दोन्ही बाजूंची. मी शीडवाली, तरी माझं मत पक्षीवाल्यांच्या बाजूने आहे. तो मोठा मरीना झाला असता तर हॉटेल आलं असतं, हॉटेलामागून रस्ते आणि वाहनतळ आले असते, आणि मग आमच्यासारख्या क्लबांना त्या पाण्याचं भाडं कधीच परवडलं नसतं. फ्रेंड्स ऑफ द स्पिटने पक्ष्यांसाठी भांडून आम्हालाही वाचवलं. हे आमच्या क्लबांत फार जण मोकळेपणाने मान्य करत नाहीत. करायला हवं.

पुढच्या वर्षांत पाण्यानेही परीक्षा घेतली. २०१७ च्या वसंतात ऑन्टॅरिओ सरोवर नोंदी सुरू झाल्यापासूनच्या सर्वांत वरच्या पातळीला गेलं. टोरंटोची बेटं पर्यटकांसाठी जुलैअखेरपर्यंत बंद होती. दोनच वर्षांनी, २०१९ मध्ये, तो उच्चांकही मोडला. किनाऱ्यावरच्या क्लबांचे धक्के पाण्याखाली गेले, विजेच्या जोडण्या तोडाव्या लागल्या. जिथे पगारी नोकर होते तिथे कंत्राटदाराची वाट पाहिली गेली. आमच्याकडे ज्याच्या हातात फावडं होतं तो वाळूची पोती भरत होता, त्याला वहीत तास लागले का हे कोणी विचारलं नाही.

आणि आता जमीन. ज्या ओसाड पोर्ट लँड्सच्या, म्हणजे बंदराजवळच्या भरावाच्या औद्योगिक जमिनीच्या, कडेला आम्ही बसलो, तिथे डॉन नदीला शंभर कोटी डॉलरहून जास्त खर्चून नवं मुख खणलं आहे. नदीचं ते काम उत्तम झालं आहे. पाणथळ परत आली, मासे परत आले, पुराचा धोका कमी झाला. त्या खोदकामातून तयार झालेल्या बेटाला 'ओकवेमिन मिनिसिंग' हे अनिशिनाबे भाषेतलं नाव दिलं आहे आणि तिथे हजारो घरं होणार आहेत. घरं व्हावीत, या शहराला ती हवीच आहेत. पण घरांबरोबर किनाऱ्याचा भाव चढतो, आणि आमच्यासारख्या संस्थांच्या पायाखालची जमीन भाडेपट्ट्याची आहे. पन्नास वर्षं ज्या जागेला कोणी विचारत नव्हतं तिच्यावर आता सगळ्यांचा डोळा असेल. शहराच्या नियोजनाच्या सभांत हे क्लब 'हौशी लोकांचे' म्हणून बाजूला सारले जाऊ नयेत. कमी पैशात सर्वसामान्यांना सरोवरात नेणाऱ्या, मुलांना वारा ओळखायला शिकवणाऱ्या व्यवस्था या शहरात फार नाहीत.

दुसरी अडचण आतली आहे. आमचे पट्टे धरणारे हात म्हातारे होत चालले आहेत. नव्या सभासदांना पैसे भरून तास टाळणं सोपं वाटतं, आणि तसे सगळेच करू लागले तर क्रेन उभी राहील पण होडी उचलायला माणूस मिळणार नाही. म्हणून टोरंटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन, स्कारबरो भागातल्या मराठी कुटुंबांना माझी विनंती आहे. मराठी मंडळाच्या गणपतीत, दिवाळीच्या कार्यक्रमात खुर्च्या लावायला, पानं वाढायला तुम्ही न सांगता उभे राहता, ते मी इतकी वर्षं पाहते आहे. तेच काम इथे लागतं. सेलिंग येत नसलं तरी चालेल, होडी नसली तरी चालेल. मे-जूनमध्ये आऊटर हार्बरचे बहुतेक क्लब नवख्यांना पाण्यावर नेतात, मुलांना घेऊन या. आणि त्याआधी, एप्रिलअखेरच्या एखाद्या शनिवारी, जाड हातमोजे आणि जुने बूट घालून पहाटे रेगाटा रोडवर या. दोर धरायला नेहमीच एक माणूस कमी असतो.